मास्तरांनी मातीला इस्त्री केली

मास्तर शाळेतले नव्हेत, शिलाईचे. चौकातल्या दुकानात चाळीस वर्षं मशीन चालवलं आणि बढाई मारली ती एकच: "माझी शिवण मला कधी उसवावी लागली नाही." एका गिऱ्हाइकाला विजार घट्ट झाली, तर मास्तरांनी विजारीला हात न लावता गिऱ्हाइकालाच महिनाभर पायी फिरायला लावलं. गिऱ्हाईक उतरलं, विजार बसली.

पण डोळ्यांपुढे कुणाचं चालतं? सुईला नेढी दोन दिसू लागली, तसं दुकान बंद झालं. मास्तर घरी बसले आणि बायकोच्या पायात पायात येऊ लागले. कपाटातल्या चादरींच्या घड्या त्यांनी तिसऱ्यांदा मोडून घातल्या, तेव्हा ती म्हणाली, "अहो, हाताला काही काम बघा. नाहीतर या घरात एक तर चादरी राहतील, नाहीतर मी."

वस्तीमागच्या बागेत भाजीसाठी जमिनीचे तुकडे वाटून देत. तिनंच मास्तरांचं नाव घातलं. अट एवढीच, की महिन्याभरात एक नीट ओळ उभी राहिली नाही, तर तुकडा यादीतल्या पुढच्याला. यादी लांब होती. तुकडा गेला, की मास्तर होते आणि चादरी होत्या.

मास्तर गेले ते टेप आणि दोरा घेऊन. दोन खुंट्यांना दोरा ताणला, त्याखाली काडीनं रेघ ओढली. अशी सरळ रेघ त्या बागेनं पाहिली नव्हती. टेपावर मोजून मुळ्याचं बी ठेवलं, दोन्हीकडची माती दुमडून आत घेतली आणि हाताच्या सवयीनं वरून लाकडी फळी दाबून दाबून फिरवली. एक सुरकुती ठेवली नाही. वर पाणी घातलं. उन्हात मातीनं अशी खपली धरली, की टिचकी मारली तर वाजावी.

पंधरा दिवसांत एक पान वर आलं नाही. शेजारचा तुकडा नर्सबाईंचा. इस्पितळातून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच.

"मास्तर, मातीला इस्त्री मारलीत की काय?"

मास्तरांनी फळी हळूच पाठीमागे सरकवली.

"म्हणजे मारलीत! अहो, कोंबानं डोकं कुठून काढायचं? अति तिथं माती म्हणतात, तुम्ही मातीतच अति केलंत. खपली फोडा, भुसभुशीत करा, पुन्हा रेघ ओढा आणि बी नुसतं टाका."

"टाका? किती बोटांचा?"

"टाका म्हणजे सोडा हो! टाके मीही पुष्कळ घातलेत, तेही जित्या माणसाला. इथं शिवायचं नाही. वरून माती भुरभुरवायची, बस्स."

"म्हणजे कच्ची शिलाई."

"आता कसं बोललात!"

मास्तरांनी बी टाकलं. मोजायचं नाही म्हटल्यावर मूठच सैल सुटली. पाचव्या दिवशी ओळ उगवली, ती फाटकावरच्या गर्दीसारखी, एकाच्या खांद्यावर दुसरा. मास्तर रोज जाऊन बघत आणि घरी येऊन बायकोला आकडा सांगत.

महिना भरला त्या सकाळी बागेचा माळी वही घेऊन आला. वाकून पाहिलं. "उगवलंय झकास. पण असं दाट राहिलं, तर मुळा धरायचा नाही, नुसता पाला. चार बोटांवर एक ठेवा, बाकी उपटा. दुपारी येतो. तेव्हा ओळ दिसली, तर नाव लिहीन."

"उपटायचं? उगवलेलं?"

"दुपारी येतो," माळी म्हणाला.

मास्तर ओळीपाशी उकिडवे बसले. मग खिशातून टेप काढला, जमिनीवर अंथरला आणि पहिलं रोप दोन बोटांत धरलं.

जेवायची वेळ टळली, तशी बायको बघायला आली. मास्तर ओळीच्या निम्म्यावर पोचले होते. बाजूला कोवळ्या पानांची जुडी नीट लावून ठेवलेली.

"काय चाललंय?"

"उसवतोय," मास्तर म्हणाले, आणि मान वर न करता पुढचं रोप धरलं.