मेंढरं बसवायचा भाव

“वळ,” मारोती म्हणाला. मी वळलो.

पाठीवर पाणी बसलं. कोमट होतं. चैत्राचं ऊन, पंप उन्हातच ठेवलेला. कपाशीवर फवारायचा पंप, आत ब्लिचिंगचं पाणी. पंप धुतलेला नसावा. ब्लिचिंगच्या वासाखालून कीटकनाशकाचा वास येत होता. आमच्या भागात तो कुणीही डोळे मिटून ओळखेल.

भाऊसाहेबांच्या फाटकाबाहेर चुन्याच्या फक्कीचे दोन गोल मारले होते. एकात मी, दुसऱ्यात माझी बायको सोजर. मारोती त्यांचा सालगडी, हुकमाचा ताबेदार. आत ओट्यावर चौघं गुडघ्याला गुडघा लावून पत्ते खेळत होते. तोंडाला कुणाच्या काही नव्हतं. त्यांना कुणी फवारलं नव्हतं.

“मेंढरांतून आल्यात, चांगलं धू,” ओट्यावरून भाऊसाहेब म्हणाले. “ह्यांच्या अंगात कोरोना शिरला तर वासानं तोच मरंल बे.”

सगळे हसले. मीही हसलो.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. मीही हसलो.

मग मारोती सोजरसमोर आला. “वैनी, वळा,” तो खालच्या आवाजात म्हणाला. सोजर वळली नाही. पदर डोक्यावर, हात पोटाशी, नजर सरळ ओट्यावर. मारोतीचा हात पंपाच्या दांड्यावर थांबला. ओट्यावरचा डावही थांबला. सगळे बघायला लागले.

मी माझ्या गोलातून बाहेर आलो, तिचा खांदा धरला आणि तिला फिरवलं. ती ताठ होती. जोर लावावा लागला. लावला.

मारोतीनं फवारलं. लुगडं पाठीला चिकटलं.

आजवर हे मी कुणाला सांगितलं नाही. तिनंही नाही. भाऊसाहेबांनी काय केलं ते मी चारचौघांत पुष्कळदा सांगितलंय, रंगवून सांगितलंय. खांद्याचं गाळून.

आमची जात मेंढरांमागची. घाटनांदूरपासून धर्मापुरीपर्यंतचं रान आम्हाला पाठ. कुठल्या बांधाला सावली, कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी, कुणाचं कुत्रं चावरं. लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी अंबाजोगाईच्या रस्त्यावर माझी मोटरसायकल घसरली. मांडीचं हाड मोडलं. सळई घालावी लागली. पैसे भाऊसाहेबांनी दिले. साठ हजार, महिना शेकडा तीननं. एके काळी पंचायत समितीवर होते, शिवार निम्मं त्यांचं आणि भावकीचं. त्या रात्री माणूस धावून आला, हे मी नाकारत नाही. पण पुढं रस्त्यात भेटले की चारचौघांत म्हणायचे, “जपून टाक बे, पाय आमचा हाय.” लोक हसायचे. मी खरंच जपून टाकायचो.

लॉकडाऊन लागलं आणि आठवडी बाजार बंद झाले. बाजार बंद म्हणजे आमच्या हातात पैसाच नाही. मेंढरू दारात उभं, पण विकायचं कुठं? पुण्याहून परतलेली पोरं बोकड मागायला यायची, निम्म्या भावात. “बाजार बंद हाय, आता भाव आमचा,” असं तोंडावर सांगायची. दोन दिले तसे. दुसरा देताना सोजर तोंड फिरवून उभी राहिली.

व्याज थकलं म्हणून भाऊसाहेबांनी बोलावलं होतं. दोघांनाही. बायकोलाबी आण, दवाखान्यात पैसे मागताना तीच रडली होती, असा निरोप. म्हणून आम्ही त्या गोलांत.

फवारणी झाल्यावर ते फाटकापाशी आले. म्हणाले, व्याजाचं नको सध्या. मेंढरं आमच्या रानात बसव, मारोती सांगंल तिथं. मात्र मुद्दल पोळ्यापर्यंत. नाही दिलं तर निम्मी मेंढरं माझी.

अंगावरून पाणी गळत होतं. मी हात जोडले. “उपकार झाले मालक,” म्हणालो.

मेंढरं बसवणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. रान मोकळं असतं तेव्हा कळप शेतात मुक्कामाला ठेवायचा. भोवती जाळी लावायची. लेंडी आणि मूत रानात मुरतं, पुढचं पीक तरारून येतं. बाकीचे मेंढके त्याचा भाव ठरवून घेत. आमच्या घरात ते नव्हतं. माझा बाप म्हणायचा, रानानं वर्षभर चारलं, त्याच्या पोटात परत टाकताना भाव करू नये. मालक राजीखुशीनं पायली-दोन पायल्या ज्वारी देईल ती घ्यावी, नाही दिली तर राम राम म्हणावं. बापाचा शब्द मी देव्हाऱ्यासारखा सांभाळला. त्यामुळं लेंडीला किंमत असते हे माझ्या डोक्यातच नव्हतं. भाऊसाहेबांनी व्याज सोडलं आणि बदल्यात काहीच घेतलं नाही, असंच मी धरून चाललो. सोजरलाही तसंच सांगितलं. “माणूस वाईट न्हाई गं,” म्हणालो.

 ओलं लुगडं ती झाडाला वाळत घालत होती.

घर ती चालवायची. पालात पत्र्याचे तीन डबे होते. एकात तेलामिठाचे पैसे, दुसऱ्यात मेंढरांच्या औषधाचे, तिसरा कर्जाचा. तिसरा रिकामा, पण रोज पुसून ठेवायची. तेल पळीनं नाही, बोट बुडवून तव्यावर फिरवायची. चहात साखर बंद झाली, मग गूळ बंद झाला, मग चहा. रेशनचा तांदूळ शिजायचा, ज्वारी सणाला. माझ्या पायाच्या गोळ्या मात्र तिनं बंद होऊ दिल्या नाहीत. तो पाय, ज्याच्यासाठी हे सगळं. गोळी गिळताना मी तिच्याकडं बघत नसे.

मारोती दोनचार दिवसांनी यायचा आणि रान दाखवायचा. आज वरची पट्टी, परवा भाऊसाहेबांच्या भावाचा मळा, नंतर चुलत्याचा. भावकी आहे, असेल, म्हणून मी जाळी उचलून निघायचो. एकदा त्यानं ओढ्याखालचा केवळाबाईचा तुकडा दाखवला. केवळाबाई विधवा, थोडं माळवं, वांगी-मिरची पिकवून पोट भरणारी. तिचा आणि भाऊसाहेबांचा काय संबंध, हे माझ्या मनात आलं. पण विचारलं नाही. विचारायची सवयच मोडली होती.

सकाळी केवळाबाई बांधावर आली. सोजरला हाक मारून म्हणाली, “आगं, त्या कोपऱ्यात लेंडी लईच इरळ पडली. एवढे पैसे मोजले मी, आजूक एक रात बसवा की.”

सोजर जाळी गुंडाळत होती. हात थांबले. “पैसे कुणाला दिलते, मावशी?”

“भाऊसाहेबाला. मेंढरं सध्या माझ्याकडंच हायत म्हणला.”

भाऊसाहेबांनी भावाकडूनही घेतले असणार, चुलत्याकडूनही. केवळाबाईनं भाव सांगितला. तो ऐकून मी खाली बसलो. सळईचा पाय दुमडत नाही नीट, तरी बसलो. एका महिन्यात आमची मेंढरं दुसऱ्यांच्या रानांत जेवढी बसली होती, त्यात माझं व्याज कधीच फिटून वर मुद्दलाला हात लागला असता. आणि मुद्दल तिथंच होतं. पोळा जवळ येत होता.

“मेंढरं आपली,” सोजर म्हणाली. माझ्याकडं न बघता, जाळीशी बोलल्यासारखी. “राखण आपली. आन् पैसे त्याचे?”

“भाऊसाहेब म्हणजे...” मी काहीतरी म्हणायला गेलो.

“तुमी त्याच्या बाजूनं बोलू नका आता,” ती म्हणाली. “एकदा तुमी मला फिरवली. आता मी फिरायची न्हाई.”

तेवढंच. पुन्हा कधी नाही.

त्या दिवशी तिनं तिसरा डबा उघडला नाही, कारण त्यात काही नव्हतं. ती मला म्हणाली, भाव बोलायला शिका. मी म्हणालो, बापाचा शब्द हाय. ती म्हणाली, तुमच्या बापानं भाव केला न्हाई, दुसऱ्यालाबी करू दिला न्हाई. तुमी दुसऱ्याला करू दिला.

मी उरलेली जाळी गुंडाळली. 

संध्याकाळी आम्ही दोघं फाटकावर गेलो. फक्कीचे गोल पुसट झाले होते, कडांवर पायांचे ठसे. तरी पाय आपसूक गोलात जाऊन थांबला. लाज वाटली त्याची. मी गोलाबाहेर सरकलो.

मारोतीनं पंप पाठीवर घेतला. “वळ.”

“न्हाई वळत.”

त्याला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाला.

“मारायचं तर तोंडावर मार,” मी म्हणालो.  

मारोती ओट्याकडं बघायला लागला. ओट्यावरून हुकूम आला नाही. मग त्यानं पट्टे खांद्यावरून उतरवले आणि पंप भिंतीशी टेकवून ठेवला. त्या माणसाचं एवढंच सांगतो, त्यानं तो हळू ठेवला.

भाऊसाहेब फाटकापाशी आले. “काय बे, पाय आमचा आन् ताठा तुझा?”

“पाय माझा हाय, मालक. पैसे तुमचे हायत. पैसे देतो.”

मग मी सगळं सांगितलं. केवळाबाईकडून घेतले, भावकीकडून घेतले, ते व्याजात धरा, उरलेले मुद्दलातून वजा करा. आजपासून मेंढरं तुमच्या रानात बसणार नाहीत. बोलताना मला माझ्याच आवाजाची भीती वाटत होती. वडिलांच्या वयाच्या माणसाला भाव सांगत होतो.

ते हसले. केवळाबाईला इथं उभी कर, म्हणाले. ती येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तिच्या माळव्याला पाणी त्यांच्या विहिरीचं होतं. ती आली नाहीच. मी तिला दोष देत नाही. मी स्वतः तरी किती दिवस असा समोर उभा राहिलो नव्हतो?

“वजा काई व्हायचं न्हाई,” ते म्हणाले. “आन् जाशील कुठं? गावोगाव काट्या टाकल्यात. मेंढक्याला कोण शिवू देतंय?”

सोजर पहिल्यांदा बोलली. “गावात कुणाला जायचंय? आमाला रानात जायचंय.”

खरंच गावांच्या तोंडावर काट्या होत्या. धर्मापुरीच्या अंगाला तर पोरं काठ्या घेऊन बसलेली. आम्ही गावांना वळसा घालून शिवारांतून गेलो. बांधावर माणूस दिसला की लांबूनच सोजर हाळी द्यायची, “मेंढरं बसवायची का?” पहिल्यांदा भाव मला सांगायचा होता. मी काठीनं ढेकळं उकरत राहिलो. समोरचा शेतकरी वाट बघत उभा. सोजरनं मला सांगू दिलं, मधे पडली नाही. शेवटी बोललो. तो माणूस म्हणाला, थोडं कमी करा की. चिडला नाही. हिणवलं नाही. फक्त कमी करा म्हणाला. बापाला आणि मला जे पाप वाटत होतं, ते त्याच्यासाठी रोजचं बोलणं होतं.

मृगाच्या आत जेवढी रानं मिळाली तेवढी केली. कुणी रोख दिलं, कुणी ज्वारी. एकानं शिव्या देऊन हाकललं, कुत्रं सोडलं, एक कोकरू गेलं. बाजार पुन्हा भरायला लागला तसे बोकड विकले. तरी कमी पडत होते. सोजरनं पायातले चांदीचे वाळे काढून गहाण ठेवले. मी नको म्हणालो नाही. नको म्हणायचा हक्क राहिला नव्हता.

पोळ्याला सकाळीच टेम्पो आला. आमचा मुक्काम तेव्हा गावाच्या माळावर. बैल सजवायची गडबड चालली होती, लोक बघायला जमले. पुढं मारोती बसलेला, शेजारी भाऊसाहेब. टेम्पोचा मागचा फाळका उघडलेलाच होता. ते मेंढरं निवडूनच आले होते, असं वाटलं.

जाळीच्या तोंडाशी सोजर उभी होती. हातात तिसरा डबा. तिनं डबा मला दिला नाही. स्वतः पुढं जाऊन मुद्दल आणि थकलेलं सगळं व्याज त्यांच्या हातावर ठेवलं. केवळाबाईचे पैसे वजा न करता. त्यांनी बाजारातल्यासारखे थुंकी लावून मोजले, पुन्हा मोजले.

“कावून एवढा राग धरता?” ते म्हणाले. “पाय तर बरा झाला न्हव?”

सोजरनं डब्याचं झाकण लावलं. टेम्पो रिकामा गेला.

सुखान्त म्हणून हे लिहीत नाही. त्यांनी आमच्याकडून दोनदा घेतलं, आणि दुसऱ्या वेळी आम्ही देऊन टाकलं. सोजरचे वाळे परत आले नाहीत. तिच्या घोट्यांवर त्यांच्या जागी अजून फिकट पट्टा आहे. खांद्यावर काही खूण नाही. पण ती मोळी उचलताना पदर त्या खांद्यावर घेते आणि मला वाटतं, तोच खांदा. मी विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी भाऊसाहेबांचा निरोप आला. मारोतीच आला होता, पंप नव्हता पाठीवर. नवी मोसंबी लावायचीय, त्याआधी मेंढरं बसवायला पाहिजेत, म्हणाला. आता रासायनिक खत परवडत नाही त्यांनाही.

मी त्याला चहा दिला, साखरेचा. मग भाव सांगितला. बाकीच्यांना सांगतो तोच, एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही. वर एवढंच, की पैसे आधी. मालकानं स्वतः यायचं, इथं माळावर, जाळीपाशी. आणि पैसे माझ्या हातात नाही, सोजरच्या हातात द्यायचे. ती समोर उभी असताना, तिच्या तोंडाकडं बघून.

“ते यायचे न्हाईत,” मारोती म्हणाला.

“मग मेंढरंबी यायची न्हाईत.”

मोसंबी वाळली तरी चालेल. आमचा कळप दुबळा झाला तरी चालेल. त्या बांधावर मी माझ्या पायानं जाळी नेणार नाही.