गुडघ्यांची जाहिरात

शहागडच्या राजानंदचं पंक्चरचं दुकान हायवेला आणि त्याची पोरगी पायल कामाला पुण्याला. पुण्याला म्हणजे घराच्या गच्चीवर. खाली घरात इंटरनेट धरत नव्हतं, म्हणून पाण्याच्या टाकीला पाठ लावून ती सकाळीच मोबाईलमधून पुण्यात शिरायची. पुण्याच्या साधना मॅडम दुकानांच्या, दवाखान्यांच्या जाहिराती मोबाईलवर लावून देतात, त्यांच्या हाताखाली ती शिकत होती. इंटर्नशिप म्हणायचं त्याला. पगार नाही. तीन महिन्यांनी काम पसंत पडलं तर पगारावर ठेवणार, नाहीतर राजानंदनं अंबडला ओळखीच्या झेरॉक्सच्या दुकानात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. त्या दुकानाचं नाव निघालं की पायल उठून गच्चीवर जायची.

बरेच दिवस तिनं दुसऱ्यांच्या जाहिरातींचे फोटो कापले. मग मॅडमनी एक जाहिरात तिच्या एकटीच्या हातात दिली. पुण्यातला एक दवाखाना, गुडघ्यांचा. जाहिरातीवर बोट दाबलं की फॉर्म उघडायचा. त्यात नाव, नंबर आणि गुडघे दुखतात का, एवढंच लिहायचं. भरला की दवाखान्यातून फोन येणार.

एवढं मोठं काम पोटात ठेवायचं म्हणजे अवघडच. गावातच दिलेली तिची बेबीनंदा आत्या दुपारी आली, तिला पायलनं दाखवलं.

"हे तू केलं?"

"मी एकटीनं."

"मला पाठव."

पायलनं पाठवलं, आणि तिथंच घोळ झाला.

आत्यानं ते बायांच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, आपल्या पायलचं काम आहे, सर्वांनी सहकार्य करावे. संध्याकाळी विहारात बाया जमल्या, तेव्हा ज्यांना जमेना त्यांचे फॉर्म तिनं स्वतः भरून दिले. वरच्या आळीतून गोपिकाबाई गुडघा धरत मुद्दाम चालत आली आणि भरून गेली. खोटं कोणी काही लिहिलं नाही. गुडघे सगळ्यांचेच दुखत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"पायल, शहागड कुठं आलं?"

"इथंच मॅडम. म्हणजे माझ्याकडंच."

"मला वाटलंच. दवाखान्यातली मुलगी सकाळपासून शहागडशीच बोलतेय. एका आजींनी तिला त्यांची तूर कशी आहे तेही सांगितलं. कधी येताय विचारलं, तर म्हणाल्या, तुम्हीच या, बसायची सोय आम्ही करतो."

पायलनं डोळे मिटून घेतले. गावात दुखण्यासाठी नाव लिहून घेतलं की शिबिर येतं. डोळ्यांचं असंच आल्तं. आधी नावं, मग गाडी, मग डॉक्टर. बाया शिबिराची वाट बघत होत्या.

"जाहिरात सगळ्यांना दाखवायची नसते," मॅडम म्हणाल्या. "ज्याला यायचंय त्याला दाखवायची. आणि जाहिरात कुणाला दाखवायची ते यंत्र ठरवतं, फॉर्म कोण भरतं ते बघत शिकत जातं. आता त्याला वाटतंय, आपल्याला असलीच माणसं पाहिजेत. या आठवड्यात पुण्यातले फॉर्म आले नाहीत तर हा दवाखाना माझ्या हातून जाईल. मग तुला ठेवणं मला जमणार नाही."

पायल तशीच आत्याच्या घरी गेली. आत्या भाकरी थापत होती.

"आत्या, बायांना सांग, फॉर्म भरू नका."

"काऊन, कमी पडले का?"

"जास्ती झाले."

"सहकार्य कधी जास्ती होतंय का माय? लग्नाला बोलावलं अन मंग म्हणायचं, येऊ नका?"

"हे लग्न न्हाई आत्या. पुण्यात राहणाऱ्यांसाठी हाय ते."

"मंग आधी सांगायचं."

हे बराबर होतं, म्हणून पायलला जास्तच राग आला. वर जाऊन तिनं फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न घातला, पुण्यात राहता का? आता कोण येतंय बघू.

सकाळी पहिलाच फॉर्म. पुण्यात राहता का, हो. नाव, बेबीनंदा. पायल परत आत्याच्या दारात.

"आत्या, तू पुण्यात राहती?"

"सुमेध राहतो ना वाघोलीला. पोरगा राहतो म्हंजी मी राहिल्यासारखीच. गोपिकाबाईचा आदिनाथ चाकणला हाय, तिनंबी हो म्हणलं."

पायलनं कपाळाला हात लावला. "अन तुझे गुडघे दुखतात हे सुमेधदादाला तरी माहिताय का?"

"त्याला कशाला सांगायचं? कंपनीत दिवसभर उभा राहतो बिचारा. फोन आला की सांगते, समदं बराबर हाय."

भांडायचं सोडून पायल घराकडं पळाली.

वर जाऊन तिनं जुनी जाहिरात पुसली आणि नवी लिहिली. आई फोनवर म्हणते, समदं बराबर हाय. तिला जिना चढताना बघितलंय का?

"पेशंट आया, आणि जाहिरात पोरांना दाखवायची?" मॅडमनी विचारलं.

"पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरांनाच, मॅडम. आयांना विचारलं तर त्या शिबिराची वाट बघतात."

मॅडम हसल्या नाहीत, पण लाव म्हणाल्या.

दोन दिवस काही नाही. मग वाघोली, हडपसर, चाकण असे फॉर्म यायला लागले. आणि एका दुपारी कठडा धरत, मध्येच थांबत आत्या गच्चीवर आली.

"सुमेधचा फोन आल्ता. जिन्याचं खरं सांग म्हणला, अन दवाखान्यात माझं नाव लावून टाकलं. हे त्याला तू शिकवलं ना?"

"मी न्हाई. त्याच्या मोबाईलवर जाहिरात गेली असंल."

"मला म्हणली फॉर्म भरू नको, अन आता मलाच पुण्याला धाडून राह्यली." आत्या टाकीपाशी टेकली. बराच वेळ तिला दम लागलेला होता.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन. "तुझ्या जाहिरातीवरून पहिला पेशंट येऊन गेला. बेबीनंदा, शहागड. शहागडचे फॉर्म भरून देणाऱ्या त्या याच का?"

"त्याच, मॅडम. माझी आत्या."

"त्यांनी तिथं बसलेल्या बायांचेही फॉर्म भरून दिले म्हणे. एक तारखेपासून पगार सुरू. अट एकच. पुढची जाहिरात आत्याला दाखवायची नाही."

अंबडच्या दुकानाला नको म्हणून सांगायला पप्पाला गाठावं, म्हणून पायल धावत खाली आली. ओट्यावर गोपिकाबाई बसलेली.

"बेबीनंदाला नेलं. आमचं शिबिर कवा हाय?"

"शिबिर न्हाई काकू. किती वेळा सांगू?" पायल तिच्याजवळ बसली. "आदिनाथला फोन लावू का?"

"नगं. कामावर असंल तो. समदं बराबर हाय माझं."

पायलनं मोबाईल काढला आणि आदिनाथला फोन लावला.