चढणारा ओघळ

“ओल दिसली की मी आधी हात लावून बघते, मंगळावर हात पोचत नाही, हीच पंचाईत,” असं भिंगबाई एकदा म्हणाल्या होत्या.

हे नाव कचेरीनंच ठेवलेलं. एकोणीस वर्षं त्या एकच काम करत होत्या. मंगळावरच्या एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवायचे, एक थंडीतला, एक उन्हाळ्यातला, आणि मधल्या काळात कुठं काही ओघळलंय का ते भिंगातून बघायचं. सापडल्या त्या सावल्या, धूळ आणि एकदा चक्क चहाचा डाग. घरी यजमान म्हणायचे, तिकडचं पाणी सापडेपर्यंत आपल्या मोरीतला गळका नळ तरी बघ.

यंदा मात्र सापडलं. एका खोल विवराच्या काठावरून खाली उतरणारी काळसर रेघ, तीन फोटोंत तिप्पट लांब झालेली. साहेब हरखले. फोटो मोठा छापून सभागृहात लागला, शोधनिबंधावर भिंगबाईंचं नाव साहेबांच्याही आधी आलं. यजमान नळाचा विषय सोडून ही बातमी सांगत इमारतभर दारं वाजवत फिरले.

निबंध सभागृहात वाचायचा होता त्या सकाळी भिंगबाई निव्वळ कौतुकापोटी मूळ फोटो बघायला बसल्या. उजेड खालून आला की डोळा फसतो, टेकडीचा खड्डा दिसतो; म्हणून फोटो फिरवून उजेड वर घ्यायची त्यांची जुनी सवय. पण मूळ फोटोवरचा, सूर्याची दिशा दाखवणारा बाण त्यांनी छापलेल्या फोटोशी ताडून बघितला, तर तिथं उजेड खालून येत होता. फोटो छापणाऱ्यानं, बाईंचा त्रास वाचावा म्हणून, हे तिन्ही आधीच फिरवून दिले होते. बाईंच्या सवयीच्या हातांनी ते पुन्हा फिरवले होते.

विवर कसलं, ती टेकडी होती. रेघ उतरत नव्हती, चढत होती. पाणी असं चढत नाही. वारा चढतो, धूळ उडवत.

साहेबांना त्यांनी कोपऱ्यात गाठून सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि हळूच म्हणाले, अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

“माझ्या आलंय ना.”

“बाई, तुमचं नाव पहिलं आहे. एकोणीस वर्षांनी.”

“म्हणून तर, साहेब. दुसऱ्या कुणाचं असतं तर निवांत चहा घेऊन सांगितलं असतं.”

पाहुणे येऊन बसत होते. भिंगबाई स्टुलावर चढल्या आणि टाचण्या काढू लागल्या. साहेबांनी पुढं होऊन फोटोचं दुसरं टोक धरलं. दोघांनी तो उलटा करून लावला. खड्डा फुगून टेकडी झाला. रेघ पायथ्यापासून निघून माथ्याकडे गेली. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं, आणि अर्थ कळल्यावर पुढं वाकून बघू लागलं.

साहेब घसा खाकरून बोलायला उभे राहिले. भिंगबाई स्टुलावरून उतरल्या, खांद्याला पिशवी अडकवली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, कुणाकडेही न बघता बाहेर पडल्या.