एक नंबर कुणाचा

इस्लामपूरजवळच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेत मी क्लार्क आहे. नदीचं पाणी उपसून उसाला द्यायचं हे संस्थेचं काम, आणि त्याच्या पावत्या करायच्या हे माझं. दोनेक वर्षांपूर्वी संस्थेनं नवे संगणक घेतले आणि ते एकमेकांना जोडायचं ठरलं. बाहेरचा माणूस बोलावला की तो उद्या येतो म्हणायचा आणि पुढच्या महिन्यात उगवायचा. म्हणून आपल्यातल्याच कुणीतरी नेटवर्किंग शिकून यावं, असं संचालक मंडळानं ठरवलं. माझी निवड गुणवत्तेवर झाली. एकदा प्रिंटर बंद पडला होता, तेव्हा त्याची निघालेली वायर मी परत खोचली होती.

क्लास सांगलीत, एका मोबाईलच्या दुकानावर. सकाळी एसटीनं जायचं आणि दुपारी ऑफिसला परत. वर्गात पुण्याला नोकरीला निघालेली पोरं-पोरी, आणि मधे पंचेचाळिशीची मी. शिकवणारे सर माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. ‘सिंपल आहे’ हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते वाक्य आलं की पुढचं काही कळणार नाही, हे आम्ही ओळखायला शिकलो. सुरुवातीला त्यांनी नेटवर्कचे सात थर शिकवले. भाकरी थापताना मी ते पाठ म्हणायचे. सगळ्या संगणकांच्या केबल जिथं एकत्र येतात तो खरा स्विच काचेच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली क्लासच्या मालकांकडे, त्यामुळे तो आम्ही देवळातल्या मूर्तीसारखा लांबूनच पाहिला. केबल मात्र हातात मिळाली. तिच्यातल्या आठ रंगीत तारा ठरलेल्या क्रमानं प्लगमध्ये बसवायच्या. माझ्या पहिल्या केबलला तपासणीच्या यंत्रावर एकच दिवा लागला. सर म्हणाले, सिंपल आहे, परत करा.

तरी एक गोष्ट मला पक्की कळली. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला पत्ता म्हणून एक नंबर असतो. एका ऑफिसात नंबराचा पुढचा भाग सगळ्यांचा सारखा, शेवटचा आकडा प्रत्येकाचा वेगळा. दोघांना एकच आकडा दिला तर टपाल कुणाला द्यायचं ते कळत नाही आणि घोळ होतो. इंटरनेट आत आणणाऱ्या राउटरचा आकडा बहुतेक ठिकाणी एक असतो.

एवढ्या विद्येवर मी ऑफिसात केबली ओढल्या. नारळ फुटला, राउटरला हार घातला. हाराचं पाणी आत जाईल म्हणून मी तो हळूच काढून कॅलेंडरवर चढवला. चेअरमन सत्तरीचे, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी कौतुकानं विचारलं, माझा नंबर किती? मी सांगितलं, अकरा.

“आन् एक नंबर कुणाचा?”

मी कोपऱ्यातल्या राउटरकडे बोट केलं. आबांनी त्या डबीकडे बराच वेळ पाहिलं आणि चहा न घेता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी मला आत बोलावलं. ते फौजेतून सुभेदार होऊन आलेले, हुद्द्याच्या बाबतीत कडक. चेअरमनच्या वर एक डबी बसते हे शिस्तीत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी टपालाचा दाखला देऊन समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आदेश आहे.

मी आबांच्या संगणकाला एक नंबर दिला. थोड्या वेळानं सगळ्या ऑफिसचं इंटरनेट गेलं, आलं, परत गेलं. खिडकीवर पावतीसाठी शेतकरी खोळंबले. मला रडू यायचं तेवढं राहिलं. आबा मात्र खूश होते.

“ताई, माझ्या मशीनचा दाब लय असंल. बाकीच्यास्नी झेपंना.”

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, सिंपल आहे, राउटरचा एकच असतो. दुसरा देता येतो का, असं विचारल्यावर क्लास सुरू झाला म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग मी राउटरच्या खोक्यातलं पुस्तक काढून बसले. त्यात चक्क लिहिलं होतं की राउटरचाही आकडा बदलता येतो. आबांची केबल काढली, राउटरला दोनशे चौपन्न दिला, आणि प्रत्येक संगणकाला जाऊन सांगितलं की आता बाहेरचा दरवाजा दोनशे चौपन्नवर आहे. मग आबांची केबल परत लावली. आबांच्या संगणकावरून राउटरला पिंग केलं, म्हणजे जागा आहेस का अशी हाक मारली, तर पडद्यावर त्याचं उत्तर आलं, लगेच, एकाखाली एक. या ऑफिसात विचारल्याबरोबर कुणी उत्तर दिल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला इतका आनंद झाला की शेजारच्या कॅशियरला बोलावून ते परत करून दाखवलं. ते म्हणाले, बरं.

आबांना एक नंबर मिळाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गावात पोचली. पुढच्या सभेत बाकीच्या संचालकांनी आपापले नंबर मागितले. कुणाच्या शेताला आधी पाणी यावर जेवढं भांडण होतं, त्याहून जास्त इथं झालं. शेवटी ज्येष्ठतेप्रमाणे नंबर द्यावेत असा ठराव झाला. संचालकांपैकी आबा सोडले तर कुणाकडेच संगणक नव्हता. मी तसं सांगितल्यावर व्हाइस चेअरमन म्हणाले,

“नसू द्या की. नंबर तर राखून ठेवा.”

तेव्हापासून बरेचसे नंबर राखीव आहेत आणि रिकामे आहेत. मध्यंतरी नवा प्रिंटर आला. कुठला तरी नंबर द्यायचा म्हणून मी व्हाइस चेअरमनना भेटून विचारलं, की तुमचा दोन नंबर तसाच पडून आहे, तो प्रिंटरला देऊ का. घरच्यांशी बोलून सांगतो म्हणाले. अजून सांगितलेलं नाही. प्रिंटर चाळीसवर बरा चाललाय.