ताईच्या भिंतीसाठी एक फोटो

पलंगावर स्वच्छ चादर अंथरून फोटोवाले काकांनी तिच्यावर आपला संसार मांडला होता. संसार म्हणजे कॅमेरे. डावीकडे डोळ्याला लावून पाहायचे दोन छोटे, त्यांच्या लेन्स, लाइटमीटर आणि फ्लॅश. उजवीकडे, इतरांपासून किंचित अंतर राखून, कुळातल्या ज्येष्ठासारखा बसलेला, एकाखाली एक अशी दोन भिंगे असलेला पेटीवजा जुना कॅमेरा. प्रत्येक उपकरण काका आदराने उचलत, मऊ फडक्याने पुसत आणि पुन्हा होते तिथेच ठेवत. सकाळ सरत आली तरी बॅगेत एकाचाही प्रवेश झालेला नव्हता.

"बाबा, विमानात हातातल्या बॅगेला वजनाची मर्यादा असते," दारात टेकून उभा असलेला मुलगा म्हणाला. "एवढं सगळं नेलंत तर आईला इथंच ठेवून जावं लागेल."

"तिचं वजन बॅगेत धरत नाहीत."

"चौकशी करून ठेवलीत वाटतं," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

मुलगा हसला. "त्यापेक्षा फोनमध्ये काढा ना फोटो. फोकस आपोआप होतो."

"म्हणजे फोटो फोन काढणार. मी काय करायचं, फोन धरायचा?"

हा प्रवास पर्यटनाचा नव्हता. काकांची थोरली बहीण परदेशी स्थायिक होऊन जन्म लोटला होता. आताशा तिचे शरीर थकले होते; जिभेची धार मात्र तशीच होती. मागे एकदा फोनवर ती अगदी सहज म्हणाली, "ये एकदा, आणि माझा भिंतीवर लावायचा फोटो काढून ठेव. पोरं गुणी आहेत माझी, पण ऐन वेळी घाईत पासपोर्टवरचा फोटो मोठा करून लावतील. त्यात मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते." काका मनापासून हसले. फोन ठेवल्यावर मात्र मागल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन, लाल दिवाही न लावता, बराच वेळ बसून राहिले.

स्टुडिओचे शटर त्यांनी कायमचे ओढले होते, तरी जुनी गिऱ्हाइके अजून घर शोधत येत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून काका त्यांचे फोटो काढीत आणि त्याच मागल्या खोलीत रोल धूत. तिथून पुढचे काम काकूंचे. निगेटिव्ह तपासून निवडायची, तिचा फोटो छापायचा, आणि त्यावर धुळीचे पांढरे ठिपके उमटले असतील ते बारीक ब्रशाने, शाईच्या अचूक छटेने बुजवायचे. लग्न होऊन आल्यापासून हा कारभार त्यांचा होता, आणि त्यात काकांनी कधी नाक खुपसले नव्हते. काकांचे स्वतःचे व्रत एकच होते: चेहऱ्याच्या चित्रात डोळा जिवंत हवा. पापण्यांचे केस मोजता आले, तर बाकी सारे अपराध क्षम्य.

कोणता कॅमेरा न्यायचा, हे ठरवण्यासाठी आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही छोट्या कॅमेऱ्यांत एकेक रोल घालून काकूंचेच फोटो काढले होते. आता वाळलेल्या निगेटिव्ह त्यांनी, प्रथमच काकूंच्या आधी, मागल्या खोलीत दिव्याच्या काचेवर ठेवल्या आणि भिंग लावले. काकूंच्या कानाची पाळी लख्ख होती. मानेवर आलेली बट लख्ख होती. डोळे धुक्यात होते.

त्यांनी दुसरा रोल पाहिला. तिथेही कान स्पष्ट, डोळे अस्पष्ट.

"दोन्ही कॅमेरे दुरुस्तीला टाकायला हवेत," ते बाहेर येऊन म्हणाले. "फोकस मागे सरकतोय."

"दोघंही एकदम आजारी पडले?" काकूंनी विचारले. मग हात पुसत त्या समोर येऊन बसल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "अहो, कॅमेऱ्यांना काही झालेलं नाही. वर्षभर असंच येतंय."

"वर्षभर? काहीतरीच काय. परवाचे वकीलसाहेब घे. त्या फोटोत डोळे कसे चमकतायत त्यांचे."

"ते मी चमकवले."

काकांनी विचारले, "पापण्या?"

"पापण्यासुद्धा. भुवया त्यांच्याच आहेत."

डॉक्टरांनी मागेच त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असल्याचे सांगितले होते. मात्र तो अजून पिकलेला नाही, असेही म्हणाले होते. काकांनी त्यातला उत्तरार्ध तेवढा घरी आणला, आणि त्याचा अर्थ डोळा ठणठणीत आहे असा लावून टाकला. डावा तर लहानपणापासूनच अधू.

"इतक्या खुशीत आला होतात तुम्ही डॉक्टरांकडून," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, एवढंसं तर काम आहे. ब्रश फिरवला की झालं."

करुणेचेही एक कौशल्य असते, आणि ते जितके निर्दोष तितके ज्याच्यासाठी योजले त्याला अंधारात ठेवणारे. काकांना डोळ्याचे दुःख झालेच. पण त्याहून खोल काही लागले. ज्या नजरा आपण पकडल्या म्हणून ते समाधानाने झोपत होते, त्या नजरा दुसऱ्याच हाताने काढलेल्या होत्या. त्यांनी एकेक लेन्सला झाकण लावायला सुरुवात केली.

"मग मी काहीच नेत नाही. पोरगा म्हणतो तसा फोनवर काढू, आणि तूच रंगव ताईचेही डोळे."

"ताईंचे नाही रंगवणार."

"का? वकीलसाहेबांचे चालले."

"वकीलसाहेबांच्या डोळ्यांत काय असतं, तारखा. त्या मला जमल्या. ताईंना मी ओळखते. त्या बघतात तसं बघणं माझ्या ब्रशात नाही."

काकांचा हात थांबला. मग त्यांनी उजवीकडचा जुना कॅमेरा जवळ ओढला आणि वरचे झाकण उघडले. आत दुधी काचेवर समोरची खिडकी उजेडासकट उमटली. छोट्या कॅमेऱ्याला डोळा चिकटवला की बाकीचे जग बाहेर राहते. या कॅमेऱ्यात मात्र चित्र वरच्या काचेवर उघड्यावर पडलेले असते. त्याच्यावर दोन डोकी एकत्र वाकू शकतात. एवढी वर्षे तो घरात होता, पण त्याच्यावर दुसरे डोके वाकावे अशी गरजच कधी पडली नव्हती.

"अगं, इकडे ये. ह्यात बघ."

"हे तर उलटं सरकतंय," काकू वाकून म्हणाल्या. "मी डावीकडे नेते तर खिडकी पळते भलतीकडे."

"सवय होईल. ही चकती फिरव, आणि कुठे स्वच्छ दिसतं ते मला सांग."

मुलाला खुर्चीत बसवले गेले. कॅमेरा ट्रायपॉडवर चढला. काकू झुकून चकती इंचाइंचाने फिरवू लागल्या.

"श्वास घेतला तर चालेल का?" मुलाने विचारले.

"घे, पण नाकानं. गप्प बस," काकू म्हणाल्या. "आता नाकाचा शेंडा... आता डोळा. थांबा. हं, पापण्या."

काकांचे काचेकडे लक्षच नव्हते. बटणावर बोट ठेवून ते मुलाकडे पाहत होते. आई आपल्याला अजूनही दटावते, याचे हसू त्याच्या चेहऱ्यावर येऊ घातले, तेव्हा त्यांनी बटण दाबले.

संध्याकाळी धुतलेला रोल वाळल्यावर आधी काकूंनी भिंग लावले आणि मग ते काकांच्या हाती दिले. काकांनी वाकून मुलाच्या पापण्यांचे केस मोजले. मग उठून त्यांनी बहिणीला फोन लावला आणि डोळ्याचे सगळे सांगितले, काहीही न गाळता.

"म्हणजे माझा फोटो काढणार कोण? तू की ती?" बहिणीने विचारले.

"नजर हिची. बटण मी दाबणार."

"आणि मी बघायचं कोणाकडे?"

"हिच्याकडे बघ. माझ्याकडे बघितलंस की तू रागवायच्या बेतात असतेस."

"असणारच. एवढं झालं आणि मला आज सांगतोयस, गाढवा. दे तिला फोन."

नणंद-भावजयींचे बोलणे रंगले तेव्हा काकांनी छोटे कॅमेरे कपाटात ठेवून दिले. जुना कॅमेरा मफलरमध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेत गेला. तपासणीवाल्यांनी क्ष-किरणांच्या यंत्रात न टाकता हातानेच पाहावेत म्हणून रोल खोक्यांतून काढून पारदर्शक पिशवीत भरले गेले. ट्रायपॉड मात्र मोठ्या बॅगेत मावेना. तेव्हा काकांनी तिच्यातला आपला गरम कोट बाहेर काढला.

"तिकडे थंडी असते, बाबा," मुलगा म्हणाला.

"मी कुडकुडलो तर चालेल," ट्रायपॉडचे पाय मिटत काका म्हणाले. "कॅमेरा हलता कामा नये."