मायच्या लुगड्यातली राक्षसी

"इसको रंग मत लगाना. ये तो बनी-बनाई राक्षसी है."

बाई साऱ्या वर्गासमोर म्हणाल्या. पोरी खिदळल्या. मी मान खाली घालून उभी.

भिलाईत तेव्हा पोलादाच्या कारखान्याची धुराडी नुकती उभी राहत होती. टाउनशिपच्या मैदानात पडदा बांधून जादूचा सिनेमा दाखवला होता. राजकुमार गोरा, राजकुमारी गोरी. राक्षसी तेवढी काळी. तिचा जीव पोपटात. पोपटाची मान मोडली की ही तडफडून मेली. तिचं चुकलं काय, कोणी विचारत नाही. काळी आहे ना, मग झालं.

तीच गोष्ट शाळेच्या गॅदरिंगला बसवली. राजकुमार झाला इंजिनियरसाहेबांचा पोरगा. मी खुर्सीपारच्या मजूरवस्तीतली, रेजाची पोर. माझी माय कारखान्याच्या कामावर डोक्यावरून गिट्टी वाहायची.

बाई पुढे म्हणाल्या, "तेरी माँ काम पर जो पहनती है, वही ले आना."

माय हरखली. "माह्या लुगड्याले नाटकात घेतलं?" तिने ते नळावर आपटून धुतलं. फाटका पदर शिवला. शेजारणींना सांगून आली.

गॅदरिंगला ती सगळ्यात मागे उभी होती. तिचं लुगडं गुडघ्यावर खोचून, डोक्यावर तिचीच चुंबळ ठेवून मी स्टेजवर गेले. पुढच्या खुर्च्यांतली पोरं ओरडली, "मारो राक्षसी को!" साहेब हसले. त्यांच्या बायका हसल्या. मी मायकडे पाहिलं. आधी तीही हसत होती. मग तिला कळलं. तिने पदर तोंडात कोंबला.



राजकुमाराने मातीच्या पोपटाची मान मोडली. आता मी पडायचं होतं. नाही पडले.

"गिर! गिर ना!" बाई आडून ओरडल्या. त्याने पुठ्ठ्याची तलवार खुपसली. ती वाकली. मी उभीच. शेवटी बाईंनी पडदा ओढला आणि माझ्या कानाखाली वाजवली.

घरी जाताना माय रडत होती. "कावून नाई पडली वं? बाई तुह्यं नाव काटतीन न शाळेतून."

"तुह्या लुगड्यात मी नाई मरत, माय."

 सकाळी ती तेच लुगडं नेसून कामावर गेली. कामाचं तिच्याजवळ तेवढंच होतं. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले.

मग तोंड धुतलं, शाळेत गेले आणि साहेबांच्या पोरींच्या रांगेत, सगळ्यात पुढे बसले.

"पीछे जा," बाई म्हणाल्या.

मी उठले नाही. आजही उठत नाही.