नॅक्सोसची वळणं आणि मागच्या सीटवर आमचे हे

आमच्या ह्यांच्या चार मित्रांनी बाली केलं, म्हणून आम्हाला ग्रीसला जावं लागलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली हे कारण नंतर शोधलं. ह्यांचं अकोले या तालुक्याच्या गावात खतं-बियाण्यांचं दुकान, मी राजूरकडच्या शाळेत शिक्षिका. गल्ल्यावर बसून ह्यांनी एक रील बघितलं होतं. निळा समुद्र, पांढरी घरं आणि गळ्यात स्कार्फ अडकवून स्कूटरवर निघालेला कुणी गोरा. तेव्हाच ठरलं की नॅक्सोस बेट स्कूटरवरच फिरायचं. भर मे महिन्यात संगमनेरला जाऊन लोकरीचा स्कार्फ घेतला.

अथेन्सजवळच्या बंदरातून बोटीने पाच-सव्वापाच तास लागतात. खिडकीशेजारची जागा पकडा, समुद्र तासाभरात पुरे होतो, मग झोप तरी लागते. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, त्यामुळे बोटीतल्या महागड्या सँडविचकडे नुसतं बघून भागलं.

बंदराजवळच बेटाचं सगळ्यात मोठं आकर्षण आहे, एक संगमरवरी चौकट. कुणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वी देऊळ बांधायला घेतलं, अर्धवट सोडलं आणि दार तेवढं राहिलं. आमच्या जिल्ह्यात शनिशिंगणापूरला लोक बिनदाराची घरं बघायला येतात, इथे बिनघराचं दार बघायला येतात. सूर्यास्ताला तिथे इतकी गर्दी होते की सूर्य सोडून सगळं दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर घ्यायला गेलो. भाडं दिवसाला पंचवीस युरो, दोन हेल्मेट धरून. दुकानात चष्मा लावलेली एक म्हातारी बसली होती. तिने आमची आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तकं उघडली आणि एकेक शिक्का बोटाने तपासला. माझ्या पुस्तकात दुचाकीपुढे शिक्का होता. ह्यांच्या पुस्तकात फक्त चारचाकीपुढे.

तीस वर्षं हा माणूस तालुकाभर बुलेट उडवतोय आणि दुचाकीचं लायसन त्याने काढलेलंच नाही. काढायची गरजच पडली नव्हती. नाक्यावरचा पोलीस ह्यांना आधी नमस्कार करतो, मग युरियाची गाडी कधी येणार ते विचारतो. परवान्याचा अर्ज भरतानाही ह्यांनी वाचला नव्हता. अर्ज वाचणं हे बायकांचं काम.

"तिला सांग, तीस वर्षं बुलेट चालवतोय म्हनावं," हे मला म्हणाले. "अकोल्यात कुनालाबी विचार म्हनावं."

मी शब्दशः सांगितलं. म्हातारीने अकोल्यात कुणाला विचारलं नाही. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मागची सीट ह्यांना बोटाने दाखवली.

पुढे खाल्की, फिलोती अशी गावं करत डोंगरातल्या आपेरांथोसला जायचा बेत होता. रस्ता गुळगुळीत, पण वळणं घाटाची. ती मला नवीन नव्हती, शाळेसाठी रोज जातायेता तसलीच वळणं घेते. नवीन होते ते मागे बसलेले हे. मला धरून बसायची ह्यांना लाज वाटत होती म्हणून मागची दांडी धरून बसले आणि प्रत्येक वळणाला पायाने हवेत ब्रेक दाबू लागले. हॉर्न वाजव, गिअर बदल, असं मागून चालूच. गाडीला गिअरच नाहीत हे मी दोनदा सांगितलं. खाल्कीला जेवलो. इथले बटाटे जगात एक नंबर, असं हॉटेलवाला छातीवर हात ठेवून सांगतो. बटाटा बटाट्यासारखाच लागला. चीज मात्र चांगलं आहे, ते नाकारत नाही.

फिलोतीच्या पुढे डोंगराच्या धारेवर वारा असा आला की गाडी हातभर सरकली. एका बाजूला दरी. ह्यांनी दांडी सोडून माझे दोन्ही खांदे गच्च धरले. मी वेग कमी केला, अंग वाऱ्याकडे कलतं ठेवलं आणि सावकाश वर नेलं. राजूरच्या रस्त्यावर पावसाळ्यात हेच करते.

आपेरांथोसच्या गल्ल्यांतसुद्धा संगमरवरी फरशी आहे, चपला घसरतात. कॉफी आली, ह्यांनी तिच्यात साखर ढवळली.

"लई बरी चालवतीस तू," मग म्हणाले. "मला म्हाईत न्हवतं."

कसं माहीत असणार? अठरा वर्षं मी स्कूटी चालवतेय आणि हे एकदाही मागे बसलेले नाहीत. मला राग यायला हवा होता. आला आनंद, आणि तो लपवताही आला नाही. त्याच भरात विचारलं, अकोल्यात बसाल का असे माझ्या मागे, भर बाजारपेठेतून?

"बसतो की. त्यात काय."

पुढचे तीन दिवस बेट पालथं घातलं. हे मागे बसून फोटो काढत होते. हवेतला ब्रेकही बंद झाला. तेवढे दिवस आमचं बरं जमलं.

परत आलो तर बुलेटची बॅटरी उतरलेली. मी म्हटलं, चला, दुकानापर्यंत सोडते. स्कूटी बाहेर काढली, बसले, चालू केली. हे दारातून आले. समोरच्या टपरीवर ह्यांचे चारही मित्र बसलेले. ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्यापुढे हात केला.

"दे किल्ली. सरक मागं."

टपरीपाशी गाडी थांबवून ह्यांनी अख्खं बेट सांगितलं. दरी सांगितली, वारा सांगितला, आपला हात बसलेला हाय म्हणून निभावलं, असंही सांगितलं. मी मागे पिशवी धरून बसले होते.

जाणाऱ्यांनी परवान्यावरचे शिक्के घरीच तपासून घ्या. बाकी बेट ठीक आहे, पुन्हा जाण्यासारखं नाही. म्हाताऱ्या बाईवर, बटाट्यावर, ह्यांच्यावर मनसोक्त हसून झालं. पण दुचाकीचं लायसन माझ्याकडे होतं, गाडी माझी होती, इंजिनही चालू होतं. तरी मी ते बंद केलं, किल्ली काढली आणि स्वतःच्या हाताने दिली.